सतरा ठिकाणी

आमच्या गुरुवारच्या मंडळीत एक नियम आहे: लिखाणात खऱ्या माणसांची नावं घालायची नाहीत. नियम माझाच. मीच केला, मीच सगळ्यांच्या डोक्यावर बसून पाळायला लावला, आणि ह्या वर्षीच्या पुस्तकात मीच तो मोडतेय. सीताकाकूंचं नाव सीताच आहे, सीता पाटणकर, आणि त्या रामघाटावर राहतात. ज्याला काय म्हणायचं ते म्हणू दे.

मी प्रभावती देवस्थळी. माहेर सांगलीचं. लग्न होऊन बनारसला आले त्याला अडतीस वर्षं झाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी केली. पुस्तक जिथल्या तिथे नसलं की माझं डोकं फिरायचं, आणि ते निवृत्तीनंतरही जागेवर आलं नाही असं आमचे हे म्हणायचे. हे करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. आठ दिवसांत सगळं संपलं. मुलगा हैदराबादला, त्याचा रविवारी फोन येतो. घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही. भाजीवाल्याशी हिंदी, डॉक्टरांशी हिंदी, शेजारणीशी हिंदी. एक दिवस दूध उतू गेलं आणि माझ्या तोंडून 'हाय राम' निघालं. मी गॅस बंद केला आणि तिथंच फरशीवर बसून रडले. अगं बाई म्हणायचंसुद्धा विसरले होते मी.

मग मी चार घरं फिरले. म्हटलं, दर गुरुवारी चार वाजता बसू, अर्धा तास मराठीत लिहू, एकमेकांना वाचून दाखवू आणि चहा पिऊन घरी जाऊ. रामघाटच्या पाठशाळेत वेद शिकवणारे वेणीमाधव गुरुजी आहेत, त्यांनी पाठशाळेची वरची खोली दिली. सुरुवातीला पाच जणं होतो, वर्षभरात तेरा झालो. कुणी रेल्वेतून निवृत्त, कुणी बँकेतली, बाकीच्या घाटावरच्या जुन्या घरांमधल्या बायका. खोटं कशाला सांगू, लिहिण्यापेक्षा रडणंच जास्त व्हायचं. पण त्यानं माणसं सुधारली. गुरुजींचा धाकटा भाऊ गेल्यापासून त्यांना गोळीशिवाय झोप नव्हती. त्यांनी त्याच्यावर चार पानं लिहिली, वाचताना तीनदा थांबले, आणि पुढच्या गुरुवारी येऊन म्हणाले, "प्रभाताई, गोळी न घेता झोपलो." वर्षाच्या शेवटी सगळ्यांचं लिखाण एकत्र करून आम्ही पुस्तक छापलं, साठ प्रती. नाव ठेवलं 'गुरुवारची पानं'.

आणि पहिल्याच पुस्तकानं आग लावली. आमच्यातल्या आनंदीनं आपल्या नणंदेवर लिहिलं होतं, नावगावासकट. नणंद राहते तीन गल्ल्या सोडून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नणंदेनं सगळ्यांसमोर आनंदीचं वाण परत केलं. बनारसमध्ये आपली मराठी घरं उरलीत किती! त्यात असं झालं की अर्ध्या घरांचं एकमेकांकडे जाणं बंद. तेव्हा मी नियम केला की इथून पुढे खरं नाव एकही नको. कुणी लिहिलंच तर ते नाव मी बदलून टाकीन.

सीताकाकू दुसऱ्या वर्षी आल्या. त्यांची सून रुचा त्यांना हात धरून वर घेऊन आली. "मावशी, आईंना बसू द्या ना इथे. डॉक्टर बोले, कुछ लिखते रहें तो अच्छा है," असं म्हणून ती गेलीसुद्धा. कसला डॉक्टर, काय झालंय, मी विचारलं नाही. ह्या वयात प्रत्येकाचा एक डॉक्टर असतोच.

काकूंना मी ओळखत होते, घाटावरच्या सगळ्या मराठी माणसांना ओळखते तेवढं. माहेर वाईचं. पाटणकरांचं घर म्हणजे तीर्थपुरोहितांचं. महाराष्ट्रातून काशीला येणारी काही घराणी त्यांच्याकडेच उतरायची, पिंडदान त्यांच्याकडेच करायची. आलेला प्रत्येक माणूस आपल्या घराण्याच्या वहीत स्वतःच्या हातानं नाव लिहून जातो, आजोबांच्या खाली वडील, वडिलांच्या खाली आपण. अशा शेकड्यांनी वह्या त्या घरात. काकूंचे यजमान श्रीरामभाऊ खाली ओटीवर बसत आणि नुसतं गाव आणि आडनाव ओरडत. काकू वरून, हातातली पोळी न थांबवता, सांगत, "तिसऱ्या कपाटात, खालून दुसरी, लाल दोरी." यात्रेकरूला त्याच्या पणजोबांचं नाव काकू सांगत, मग वही उघडायची आणि ते तसंच असायचं. लोक त्यांच्या पाया पडत. पंगतीची खीर, वडे, आमटी, उष्टी काढणं, आणि वर हे. पावसाळा संपला की सगळ्या वह्या गच्चीवर उन्हात घालायच्या आणि दिवसभर काठी घेऊन माकडं हाकायची. एवढंच आयुष्य त्या बाईचं. कुणी काही म्हटलं की एकच शब्द, "बरं." सासूला बरं, नवऱ्याला बरं, मुलाला बरं.

मला खरं सांगायचं तर त्या 'बरं'चा राग यायचा. अहो, कधीतरी नाही म्हणा की!

मंडळीत काकू चार महिने नुसत्या बसून राहिल्या. वही उघडी, पेन हातात, पान कोरं. मग एका गुरुवारी त्यांनी लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून आणलेलं वाचलं. गोष्ट होती. एका घरात एक मुलगी होती, कस्तुरी नावाची. साडेचार वर्षांची. आईबरोबर गच्चीवर वह्या राखायला बसायची. माकडांना मामा म्हणायची आणि आईची पाठ वळली की त्यांना शेंगदाणे द्यायची. तिला एकच अक्षर यायचं, क. कोळशानं तिनं गच्चीच्या भिंतीवर क काढला होता. एकदा तिनं बापाला विचारलं, "मी वहीत माझं नाव लिहू?" बाप हसून म्हणाला, "त्या वह्या यजमानांच्या गं, आपली नावं त्यात नसतात." मग अठ्ठ्याहत्तर सालचा पूर आला, गंगा गल्लीत शिरली, मुलीला ताप भरला आणि वैद्याला आणायला निघालेली नाव वेळेवर पोचली नाही. एवढ्या लहान मुलांना अग्नी देत नाहीत. त्याच नावेतून तिला गंगेत सोडायला नेली.

वाचून झाल्यावर काकूंनी कागद नीट घडी करून पिशवीत ठेवले. आम्ही सगळे डोळे पुसत होतो. बँकेतल्या एक बाई म्हणाल्या, "काय सुंदर गोष्ट रचलीत हो!" काकू म्हणाल्या, "बरं."

पुढच्या गुरुवारी त्यांनी परत तीच गोष्ट वाचली. आम्ही एकमेकांकडे बघितलं, पण ऐकून घेतलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी परत तीच. तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "काकू, हे तुम्ही वाचलंय की! दोनदा वाचलंय. आता नवीन काहीतरी लिहा." सगळे हसले. काकूही हसल्या, जरा भांबावून. मीही हसले. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. शेकडो घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ असलेली बाई तीन आठवड्यांत तेच तीनदा वाचते, आणि मला त्यात हसू सापडलं!

त्याच हिवाळ्यात वेणीमाधव गुरुजींना नात झाली. पाठशाळेत बारसं झालं, आम्ही सगळे घुगऱ्या खाऊन आलो. मुलीचं नाव ठेवलं कस्तुरी.

आता माझी पंचाईत बघा. पुस्तक टाइप करायला घेतलं होतं, मराठी टाइप करणारं इथं कुणी मिळत नाही म्हणून मीच घरी करते. सीताकाकूंची गोष्ट समोर आली. त्यात कस्तुरी मरते. आणि गुरुजींच्या घरात कस्तुरी पाळण्यात, पुरती महिन्याचीही नाही. तेच पुस्तक गुरुजींच्या हातात द्यायचं? मी शिकलेली बाई, शकुन-अपशकुन मानत नाही असं चारचौघांत ठासून सांगते. पण मनात चर्र झालं. शिवाय नियम होताच. नाव बदलायचं हे मी ठरवून टाकलं.

दोन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, सीताकाकू माझ्या घरी आल्या. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत माझं घर, पायऱ्या चढून यायचं म्हणजे त्यांना दम लागला होता. एकट्या आल्या होत्या. मी पोहे परतत होते. त्या स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या.

"प्रभाताई, एक विचारायचं होतं."

"विचारा की. बसा आधी."

त्या बसल्या नाहीत. "त्या गोष्टीतलं बाकी काहीही कापा. लांबलंय ते मला कळतंय. मुलीचं नाव तेवढं राहू द्या."

मी वळूनसुद्धा बघितलं नाही. "काकू, नेमकं तेच नाही जमणार. गुरुजींच्या नातीचं नाव कस्तुरी ठेवलंय, तुम्ही घुगऱ्या खाल्ल्यात ना? त्यांना काय वाटेल?"

"गुरुजींना मी सांगेन."

"आणि नियमाचं काय? आज तुमच्यासाठी मोडला की उद्या आनंदी येईल नणंदेचं नाव घेऊन. भांडणं माझ्या दारात येतात हो. नियम म्हणजे नियम."

काकू काहीतरी बोलणार होत्या. त्यांचे ओठ हललेले मला आठवतात. मी त्या वेळी पोह्यांवर झाकण ठेवत होते आणि प्रेसवाल्याचा फोन येणार होता. त्या म्हणाल्या, "बरं."

मग त्यांनी विचारलं, "दुसरं कुठलं ठेवाल?"

"ईशानी ठेवते," मी म्हटलं. "छान आहे, नवीन आहे, आपल्यात कुणाचं नाही."

"छान आहे," काकू म्हणाल्या आणि पोहे न खाताच गेल्या.

अर्धं मिनिट लागलं असेल मला ते नाव सुचायला. हातात उलथनं होतं.

त्या दुपारी मी कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं. मशीननं सांगितलं, सोळा ठिकाणी बदललं. मग मी परत वाचून बघितलं, कारण माझं काम पक्कं असतं ना! तर भिंतीवरचा तो क तसाच राहिला होता. नाव ईशानी आणि अक्षर क, वाचणारा म्हणेल हे काय? म्हणून तोही मी हातानं खोडला आणि ई केला. साडेचार वर्षांची पोर, कोळशाचा तुकडा, आणि ई काढते! एवढीसुद्धा अक्कल मला तेव्हा आली नाही. एकूण सतरा ठिकाणी.

वसंतपंचमीला पाठशाळेत पुस्तक निघालं. सरस्वतीला हार, पिवळा केशरीभात, सगळं यथासांग. पहिली प्रत वयानं मोठ्या म्हणून सीताकाकूंच्या हातात दिली. त्यांनी आपलं पान शोधलं. एका ओळीवर बोट ठेवून ते हळूहळू खाली नेलं, मग पान उलटून पुन्हा खाली. मी शेजारीच उभी होते, कौतुकानं.

"सगळीकडे बदललंत का?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे."

"एकही राहिलं नाही?"

"एकसुद्धा नाही, काकू. मी दोनदा तपासलंय."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि पदरानं वरून पुसलं. "छान झालंय," म्हणाल्या.

त्यानंतर त्या गुरुवारी येईनाशा झाल्या. बरं नाही, असं रुचाचं उत्तर यायचं. मीही फार चौकशी केली नाही. होळी झाली, चैत्र गेला, उन्हं तापली. वैशाखात एक दिवस दुपारी रुचा माझ्या दारात. तिच्या हातात एक शाळकरी वही होती.

"मावशी, एक पूछना था. ईशानी कोण?"

मी म्हटलं, "काकूंच्या गोष्टीतली मुलगी. का गं?"

"आई रोज संध्याकाळी दारात उभ्या राहतात. म्हणतात, ईशानी अजून आली नाही, अंधार पडतोय, माकडं असतील गच्चीवर. आम्ही म्हणतो घरात कोणी ईशानी नाही, तर रडतात. दिवसभर ते पुस्तक घेऊन बसतात. तेच पान." तिनं वही माझ्या हातात दिली. "हे परवा वह्यांच्या कपाटात सापडलं. तुम्ही वाचा. मला वाचून… मावशी, ह्यांनासुद्धा माहीत नव्हतं."

'ह्यांना' म्हणजे विश्वेशला, काकूंच्या मुलाला.

वहीच्या पहिल्या पानावर काकूंचं अक्षर होतं. वरती लिहिलं होतं, 'डॉक्टर म्हणाले, विसरायचं नाही ते लिहून ठेवा.' खाली एकाखाली एक ओळी. गॅस बंद करणे. विश्वेशचा नंबर. घराचा पत्ता. आणि ह्या सगळ्याच्या वर, पहिल्या ओळीत: 'कस्तुरी. माझी मुलगी. विश्वेशच्या आधीची.'

त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं ते मी जसंच्या तसं देते. 'तिचा फोटो नाही. शाळेत घातली नव्हती. एवढ्या लहान मुलांचं श्राद्ध करत नाहीत, म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. हे गेले. आता हे नाव फक्त मला माहीत आहे आणि मी विसरत चालले आहे. ह्या घरात इतक्या माणसांची नावं आहेत, तिचं कुठंच नाही. सुटे कागद माझ्यामागे गंगेत जातील. पुस्तक साठ घरांत राहील. प्रभाताईंना विचारायचं.'

विचारायचं! विचारलं होतं की हो तिनं. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं होतं.

मी रुचाला काय बोलले मला आठवत नाही. तिनंच मला पाणी दिलं. जिच्याशी मी अशी वागले, तिची सून मला पाणी देत होती. मी एवढंच विचारलं, "काकूंना कधीपासून…?" ती म्हणाली, "दो साल. विसरू नये म्हणून तर तुमच्याकडे आणलं होतं." आणि मग हळूच म्हणाली, "कस्तुरी म्हटलं तर आता ओळख दाखवत नाहीत. मैंने पूछा. काल विचारलं, आज सकाळी विचारलं."

मी म्हटलं, "ओळखतील. पुस्तकात दिसलं की ओळखतील." माझा हट्टी स्वभाव. चूक झाली तर ती दुरुस्त होतेच, पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं तर काढून बरोबर कपाटात ठेवायचं, हेच मी आयुष्यभर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी आधी गुरुजींकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं, नातीच्या नावावरून त्यांना कसंतरी होईल. गुरुजींनी पाळण्याची दोरी हातात घेतली. म्हणाले, "अहो, मला एका शब्दानं विचारायचं होतंत. माझ्या नातीच्या आधी ह्याच घाटावर एक कस्तुरी होती, तर त्यानं माझं काय वाईट होणार होतं? मी तर रोज त्या पोरीचं नाव घेतलं असतं." त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. माझ्यासाठी त्यांनी एक शब्द रागाचा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

मग मी काळं पेन घेऊन घरोघर निघाले. ऐन वैशाखातलं ऊन, दगडी पायऱ्या तापलेल्या, माझे गुडघे हे असे. पण प्रत्येक घरी गेले. पुस्तक मागितलं, काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. मी खोडायला घेतलं की त्या त्या घरातली बाई म्हणे, "द्या इकडे, मी लिहिते." आनंदीनं तिच्या प्रतीत लिहिलं, सोळा वेळा कस्तुरी आणि एकदा क. मग तिनं प्रत उचलली आणि तीन गल्ल्या सोडून नणंदेकडे गेली. दोघींनी मिळून नणंदेच्या प्रतीत लिहिलं, तिथंच चहा प्याल्या. दशाश्वमेधाजवळच्या दोन घरांत मला ओळखत नव्हते, त्यांनीही लिहिलं. बाहेरगावी गेलेल्या प्रती होत्या त्यांना फोन केले. हैदराबादला माझ्या मुलानं त्याच्या प्रतीत लिहिलं आणि फोटो पाठवला. बारा दिवस लागले. साठातल्या एकोणसाठ प्रती झाल्या. जो तो आपल्या हातानं लिहीत होता, पाटणकरांच्या वह्यांत लिहितात तसं.

साठावी प्रत काकूंची. पण ती त्या हातातून सोडत नव्हत्या, म्हणून मी माझीच दुरुस्त केलेली प्रत घेतली आणि त्यांच्याकडे गेले. बरोबर शेंगदाणे घेतले होते, का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

काकू गच्चीवरच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. हाडं उरली होती नुसती. मला बघून हसल्या. ओळखलं. "या प्रभाताई," म्हणाल्या. मला इतका आनंद झाला! रुचा आणि विश्वेश दारात उभे होते.

मी पुस्तक उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "काकू, माझं चुकलं. फार मोठं चुकलं. पण आता सगळीकडे नीट केलंय. साठ घरांत नीट केलंय. बघा, तुमच्या मुलीचं नाव."

त्यांनी बोट ठेवलं. छापलेल्या ईशानीवर माझी काळी रेघ, आणि वर माझ्या अक्षरात कस्तुरी. बोट पुढच्या ओळीवर गेलं. पुन्हा रेघ. पुन्हा कस्तुरी. त्यांचा चेहरा बदलत गेला. मी वाट बघत होते, आता ओळखतील, आता ओळखतील.

"ही कस्तुरी कोण?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पान उलटलं, तिथंही काळ्या रेघा.

"माझ्या ईशानीचं नाव कुणी खोडलं हो?" मग त्यांनी माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा ती बाई हट्टानं काही मागत होती. "प्रभाताई, हे राहता कामा नये. एवढी एकच जागा आहे तिची. तुम्ही पुस्तकवाल्या आहात ना? तेवढं नीट करून द्या. आत्ता द्या, माझ्यासमोर."

विश्वेश म्हणाला, "आई, सुनो…" मी त्याला हातानं थांबवलं. त्या बाईनं माझ्याकडे एकदा मागितलं होतं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. पुन्हा नाही कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

मी म्हटलं, "बरं."

आणि पिशवीतून पेन काढलं. त्यांच्या शेजारी पलंगावर बसून मी एकेक कस्तुरी खोडत गेले आणि ईशानी लिहीत गेले. प्रत्येक वेळी काकू वाकून बघायच्या आणि मान हलवायच्या. दाराशी विश्वेश रडत होता, एवढा मोठा माणूस. माझे डोळे भरून येत होते आणि ओळी दिसत नव्हत्या, तरी मी लिहिलं. सोळा झाली.

सतरावी जागा आली. कोळशानं भिंतीवर काढलेलं अक्षर. त्यावरही मी पेन टेकवलं, तर काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हा क राहू द्या," त्या म्हणाल्या.

मी पेन उचललं. "का हो, काकू? का राहू द्यायचा?"

त्यांनी त्या अक्षराकडे बघितलं. बोटानं एकदा तो क गिरवला. मग माझ्याकडे बघून, चुकल्यासारख्या हसून म्हणाल्या, "नाही आठवत."